दोन पंप, एक जनरेटर आणि ‘उप्पाल’ : वापरून लिहिलेला अभिप्राय

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मी फर्मवेअर (कंट्रोल कार्डातल्या चिपमधला प्रोग्रॅम) लिहिते. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांसाठी ऑटोमॅटिक पॅनेल बनवणं हा आमचा धंदा. घोडबंदर रोडला जेवढे टॉवर उभे राहतात तेवढं आमचं बरं चालतं. अशा कंपनीत ‘फॉर्मल मेथड्स’, म्हणजे यंत्र बरोबर वागेल हे गणिताने तपासणं, म्हटलं की लोक हसतात. ते विमानवाल्यांचं, रेल्वे सिग्नलवाल्यांचं काम, आपण आपले रिले वाजवत बसायचं. तरीही गेले काही महिने मी ‘उप्पाल’ हे, यंत्राचं चित्र काढून त्याच्या सगळ्या शक्यता तपासणारं सॉफ्टवेअर खऱ्या कामासाठी वापरते आहे. त्यावर मराठीत कोणी सविस्तर लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा अभिप्राय.

आधी दुखणं काय होतं ते सांगते, नाहीतर औषधाची किंमत कळणार नाही. एका टॉवरमध्ये दोन पंप : एक घरगुती पाण्याचा, एक फ्लशिंगचा. प्रत्येकाचं कंट्रोल कार्ड वेगळं. लाईट गेली की जनरेटर सुरू होतो. तो लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि एका वेळी एकाच पंपाचा स्टार्ट एवढाच भार झेलेल, अशा हिशोबाने घेतलेला. मोटर थेट चालू केली तर पूर्ण लोडच्या सहा-सात पट करंट ओढते. स्टार-डेल्टा (मोटर आधी ‘स्टार’ जोडणीत सुरू करून मग ‘डेल्टा’त टाकणारा स्टार्टर) लावला की स्टारमध्ये लाइनवरचा करंट त्याच्या एक तृतीयांशावर येतो, पण दोन मोटरी एकदम स्टारमध्ये गेल्या तर छोट्या जनरेटरचा ब्रेकर पडणारच. म्हणून दोन कार्डांमध्ये एक-एक वायर आहे. ‘मी स्टार्ट घेतोय’ असं सांगायला कार्ड आपली लाइन वर करतं, आणि दुसऱ्याची लाइन वर दिसली तर थांबतं.

साइटवरून तक्रार : महिन्यातून एखाद्या सकाळी लाईट जाते, जनरेटर येतो आणि लगेच पडतो. लिफ्टमध्ये माणसं अडकतात. सोसायटीचे सेक्रेटरी जनरेटरवाल्याला बोलावतात, जनरेटरवाला आमच्याकडे बोट दाखवतो. आम्ही बेंचवर दोन्ही कार्डं मांडून स्विच खालीवर करून दमलो. एकदाही पडलं नाही. आमचे वायरमन काका म्हणाले, “ताई, पॅनेलमध्ये काही नाही, त्यांचं डिझेल बघा.”

अशा ‘कधीतरी होतं’ प्रकारच्या बिघाडासाठीच उप्पाल आहे. स्वीडनमधलं उप्साला आणि डेन्मार्कमधलं आल्बोर्ग या दोन विद्यापीठांनी मिळून ते केलं. पहिली आवृत्ती १९९५ची. किम लार्सेन, पॉल पेटरसन आणि वांग यी या तिघांना त्यासाठी २०१३ साली सीएव्ही या संगणकीय पडताळणीच्या परिषदेचा पुरस्कार मिळाला. पाया ‘टाइम्ड ऑटोमाटा’चा : राजीव अलूर (आयआयटी कानपूरहून शिकून गेलेले) आणि डेव्हिड डिल यांनी १९९०च्या सुमारास मांडलेली कल्पना, ज्यावरचा सविस्तर लेख १९९४मध्ये आला. यंत्राच्या अवस्था गोलांनी आणि बदल बाणांनी दाखवायचे, हे आपण डिप्लोमात केलेलंच असतं. त्यात खरी घड्याळं घालायची, की झाला टाइम्ड ऑटोमाटन. गोलावर ‘इथे १२ सेकंदांपेक्षा जास्त थांबता येणार नाही’ हे लिहायचं, त्याला इन्व्हेरियंट म्हणतात. बाणावर ‘८ सेकंद झाल्याशिवाय इथून निघता येणार नाही’, हा गार्ड. मग बदल ८ ते १२च्या मध्ये कधीही होऊ शकतो. ‘कधीही’ म्हणजे अक्षरशः कधीही, ९.३७लासुद्धा. क्षण अनंत असल्यामुळे एकेक करून तपासणं अशक्य. अलूर-डिल यांनी दाखवलं ते असं, की घड्याळांच्या या अनंत किमतींचे मोजके गट पाडता येतात आणि एका गटातल्या सगळ्या क्षणांना यंत्र सारखंच वागतं. उप्पाल त्याहून ढोबळ गट पाडतं, त्यांना झोन म्हणतात. घड्याळांमधल्या फरकांच्या मर्यादा एका चौकटीत लिहून ठेवतं आणि त्यावरच सगळं गणित करतं.

प्रोग्रॅम उघडला की मुख्य तीन टॅब : एडिटर, सिम्युलेटर, व्हेरिफायर. खिडकी जावाची, आतलं इंजिन सी-प्लस-प्लसचं. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. दिसायला जुनाट आहे, हे कबूल करायला हवं. गोल काढायचे, बाण ओढायचे, बाणाला वळण द्यायचं तर त्यावर खिळे ठोकल्यासारखे बिंदू टाकत जायचं. बाणावरची चार लेबलं एकमेकांवर चढतात आणि प्रत्येक हाताने सरकवावं लागतं. रंगांची सोय मात्र छान : गार्ड हिरवा, अपडेट (बाणावरून जाताना बदलायच्या किमती) निळं, दोन ऑटोमाटांमधला संदेश फिकट निळा, इन्व्हेरियंट जांभळट. आठवडाभरात रंगावरूनच चित्र वाचता येतं.

सोबत मिळणारी उदाहरणं आधी उघडून बघा. एक आहे ‘ट्रेन-गेट’ : बऱ्याच गाड्या, एकेरी रुळाचा एक पूल. पुलाजवळ आलेल्या गाडीला १० एककांच्या आत सांगितलं तरच ती थांबू शकते, नंतर ब्रेक लागेपर्यंत ती पुलावर असणार. थांबलेल्या गाडीला पुन्हा निघायला ७ ते १५ एककं लागतात, पूल ओलांडायला ३ ते ५. ठाण्याहून वाशीला आणि पनवेलला जाणाऱ्या लोकल तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गावरून जातात, तेव्हा ‘आपली गाडी मधेच का थांबली’ हे कळायला या उदाहरणाचा फायदा होतो. निदान चिडचिड तरी शास्त्रशुद्ध होते.

दुसरं उदाहरण ‘फिशर’. मायकेल फिशर यांनी सुचवलेली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९८७च्या लेखातून सगळ्यांना कळलेली युक्ती : सामायिक जागा रिकामी दिसली तर तिथे आपला नंबर लिहायचा, लिहायला लागू शकणाऱ्या जास्तीत जास्त वेळाहून थोडं जास्त थांबायचं, आणि मग तिथे अजून आपलाच नंबर आहे का ते बघायचं. असेल तर आत शिरायचं. हे उदाहरण मी पाहिलं आणि तिथेच आमच्या दोन कार्डांचा संशय आला.

मॉडेल केलं पाच ऑटोमाटांचं : दोन कार्डं, दोन लाइनी, एक सप्लाय. लाइनीला वेगळा ऑटोमाटन देण्याचं कारण म्हणजे डिबाउन्स, सिग्नल स्थिर होईपर्यंत त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचा वेळ. लाइन वर गेल्यावर समोरच्या कार्डाच्या सॉफ्टवेअरला ती ‘वर’ दिसायला शून्य ते ५० मिलिसेकंद लागतात. जुना कोड असा : दुसऱ्याची लाइन खाली दिसली की आपली वर कर आणि लगेच स्टारमध्ये जा. व्हेरिफायरमध्ये प्रश्न लिहिला, ‘कुठल्याही वाटेने गेलं तरी दोघे एकदम स्टारमध्ये कधीच नसतात ना?’ बटण दाबलं. लाल ठिपका, क्षणात : अट मोडते. (हिरवा म्हणजे अट पाळली जाते.)

लाल ठिपक्यासोबत ट्रेस, म्हणजे अट मोडेपर्यंतची पायरीपायरीची वाट मिळते, आणि माझ्या मते पैसे त्या ट्रेसचेच आहेत. सेटिंगमध्ये ‘सर्वांत छोटा’ ट्रेस मागा, नाहीतर भलत्याच वळणांनी फिरवतो. सिम्युलेटरमध्ये तो एकेक पायरी चालवून बघता येतो. उजवीकडे उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये संदेशांचे आडवे बाण. आमचा ट्रेस बोटांवर मोजण्याएवढ्या पायऱ्यांचा होता. सप्लाय आला, दोन्ही कार्डं उठली, घरगुतीने लाइन वर केली. तिचा डिबाउन्स चालू असतानाच फ्लशिंगने बघितलं, तर खाली. त्यानेही आपली लाइन वर केली. दोघे स्टारमध्ये. घड्याळांच्या रकान्यात दोन कार्डांमधला फरक ५ एककांच्या आत, एक एकक म्हणजे १० मिलिसेकंद. पन्नास मिलिसेकंदांची ती फट. बेंचवर एक कार्ड नेहमी दुसऱ्याच्या बरंच आधी उठायचं, त्यामुळे फट कधी सापडलीच नाही. साइटवर कपॅसिटर जुने, उठायची वेळ मागेपुढे, आणि सकाळी दोन्ही टाक्या खाली असल्यामुळे दोघांनाही पाणी हवंच असतं. महिन्यातून एखादी सकाळ का, याचं उत्तर एवढंच.

यापुढचा भाग मला जास्त आवडला. दुरुस्ती सोपी वाटते : लाइन वर कर, डिबाउन्सपेक्षा जास्त थांब, पुन्हा बघ. दोघांच्याही लाइनी वर असतील तर घरगुतीला पहिला मान, फ्लशिंगने माघार घ्यावी. डिबाउन्स ५०, तर ८० मिलिसेकंद थांबणं भरपूर. आमच्या साहेबांनीही हाच आकडा सांगितला, कागदावर तो बरोबरच दिसतो. उप्पालने ८०ला लाल दाखवलं. १००लाही लाल. ११०ला हिरवा.

कारण ट्रेसमध्ये स्वच्छ दिसतं. फ्लशिंगने शून्याला लाइन वर केली. घरगुतीला ती दिसायच्या अगदी आधी, समजा ४९व्या मिलिसेकंदाला, त्याने आपली वर केली. आता घरगुतीची लाइन फ्लशिंगला दिसायला आणखी ५० लागू शकतात, म्हणजे जवळजवळ शंभरावा मिलिसेकंद उजाडतो. फ्लशिंगने ८०ला बघितलं तर त्याला रान मोकळं, गेला स्टारमध्ये. आणि घरगुती तर मानाचा, तो माघार घेतच नाही. फिशरच्या युक्तीत शेवटी लिहिणारा जिंकतो म्हणून एका उशिराएवढं थांबून भागतं. आमच्याकडे मान ठरलेला, म्हणून दोन उशिरांएवढं थांबावं लागतं, आणि बरोबर १०० असेल तर ‘आधी बघणं की आधी दिसणं’ हा वाद उरतोच. हे मी कागदावर पेन्सिलने नंतर सिद्ध केलं. नंतर, हे महत्त्वाचं. आधी सुचलं नव्हतं, आणि बेंचवर ८० मिलिसेकंदांचं कार्ड आयुष्यभर पास झालं असतं.

दुसरा प्रश्न विचारला : ‘फ्लशिंगने मागितलं तर कधी ना कधी मिळतंच ना?’ लाल. ट्रेस बघितला तर घरगुती स्टारमध्ये जाऊन बसलाय आणि उठतच नाही. पहिल्या प्रश्नासाठी मी स्टारचा वेळ आकड्यात दिलाच नव्हता. हवा तेवढा राहू दे, तरीही टक्कर होता कामा नये, असं मुद्दाम ठेवलं होतं. सुरक्षिततेच्या प्रश्नाला तसं सैल मॉडेल चालतं, उलट उत्तर जास्त भक्कम मिळतं. ‘कधी ना कधी’च्या प्रश्नाला चालत नाही, तिथे वरची मर्यादा द्यावीच लागते. ती दिली, तरी लाल : घरगुती थांबतो आणि त्याच क्षणी परत मागतो, अनंत काळ. खऱ्या कोडमध्ये बंद झाल्यावर तीन मिनिटांची सक्तीची विश्रांती आहे. ती मॉडेलमध्ये घातल्यावर हिरवा. प्रत्येक लाल म्हणजे कोडमधली चूक नसते, आणि हे ओळखायला पॅनेल माहीत असलेला माणूसच लागतो. नुसतं सॉफ्टवेअर येणारा पोरगा बसवून उपयोग नाही.

हिरव्याबद्दलही एक इशारा. इन्व्हेरियंट असा लिहिला गेला की पुढे वेळच सरकू शकत नाही, तर मॉडेल तिथेच गोठतं आणि ‘टक्कर कधीच नाही’ला हिरवा मिळतो. जो पंप चालूच होत नाही त्याची टक्कर कशी होणार? म्हणून ‘कुठेही डेडलॉक (पुढे जायला वाटच नाही अशी अवस्था) नाही ना’ आणि ‘निदान एका वाटेने तरी पंप डेल्टापर्यंत पोचतो ना’ हे दोन प्रश्न मी सगळ्यात आधी टाकते. शून्य वेळात अनंत वेळा गोल फिरणारी वाटही हे सॉफ्टवेअर आपणहून वगळत नाही, ती आपणच मॉडेलमध्ये रोखायची.

आता तक्रारी. घड्याळाची तुलना पूर्णांकाशीच करता येते, त्यामुळे एकक आधी विचारपूर्वक ठरवा. त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे लहान आणि मोठ्या वेळांची सरमिसळ. कार्डातला दर २० मिलिसेकंदांनी इनपुट बघणारा पोलिंग लूप मी आधी जसाच्या तसा काढला होता, आणि शेजारी तीन मिनिटांचा टायमर. त्या तीन मिनिटांत लूप नऊ हजार वेळा फिरतो, आणि उप्पाल ती प्रत्येक फेरी मोजत बसतं. मेमरी भरत गेली, लॅपटॉपचा पंखा टँकरच्या पंपासारखा घोंघावायला लागला. लूप काढून टाकला आणि ‘बदल झाल्यापासून २ एककांच्या आत कार्ड दखल घेतं’ एवढंच ठेवलं, तर उत्तर लगेच. काय वगळायचं हे ठरवण्यातच तीन चतुर्थांश मेहनत जाते. मॅन्युअल याबद्दल फार बोलत नाही.

आमचा ड्राय-रनचा (पाण्याशिवाय पंप चालू राहू नये म्हणून असलेला) टायमर लाईट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. टाइम्ड ऑटोमाटामध्ये घड्याळ शून्यावर आणता येतं, थांबवता येत नाही. उप्पालमध्ये स्टॉपवॉचची वेगळी सोय आहे, पण मग उत्तर जरा जास्तीचा अंदाज धरून येतं : ‘वाईट गोष्ट होतच नाही’ म्हणालं तर विश्वास ठेवा, ‘होऊ शकते’ म्हणालं तर ट्रेस खरा आहे का ते स्वतः तपासा.

फाइल एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराची असते. ऐकायला बरं, पण एक गोल जरा सरकवला तरी कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये बदल दिसतो. समीक्षेला बसलेला सहकारी वैतागतो. कमांड लाइनवरून चालणारं इंजिन सोबत मिळतं, त्यामुळे कोडमधला आकडा बदलला की रात्री सगळे प्रश्न आपोआप तपासून घेता येतात. हे मात्र उत्तम.

परवाना : शिकण्या-शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी फुकट, धंद्यासाठी पैसे मोजून. कॉलेजचा परवाना वापरून गिऱ्हाइकाचं काम करू नका. छोट्या कंपनीला हा खर्च जड वाटतो, आमच्या साहेबांनाही वाटला. जनरेटरवाल्याच्या, आमच्या आणि सोसायटीच्या फेऱ्यांचा हिशोब मांडल्यावर वाटेनासा झाला. अगदीच नको असेल तर फ्रान्समधल्या बोर्डोकडचं ‘टी-चेकर’ हे मुक्त साधन आहे, पण तिथे मॉडेल चित्राने नाही, मजकुराने लिहावं लागतं. वेळेचा प्रश्नच नसेल, नुसत्या एकमेकांत गुंतलेल्या प्रक्रिया असतील, तर बेल लॅब्जमध्ये जेरार्ड होल्झमन यांनी केलेलं ‘स्पिन’ फुकट आणि वेगवान आहे. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा २००१चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्याला मिळालेला आहे. लॅम्पोर्ट यांचं ‘टीएलए प्लस’ही चांगलं, पण घड्याळं त्यात आपल्या हातांनी बांधावी लागतात. पंपाच्या पॅनेलला मी उप्पालच घेईन.

शिकायला कुठे जायचं, असं एका मैत्रिणीने विचारलं. क्लास शोधू नका. एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे बी. श्रीवत्सन यांचा मॉडेल चेकिंगचा (उप्पाल करतं त्याच प्रकारच्या तपासणीचा) कोर्स आहे, तो बघा आणि ट्रेन-गेट उदाहरण मोडून परत जोडा. फक्त सी येत असेल तरी चालतं. बाणांवरचं अपडेट सी-सारखंच लिहायचं असतं.

‘एवढ्याशा पॅनेलला एवढं कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी हकिकत. बँग अँड ओलुफसन या डॅनिश कंपनीच्या टेप-टीव्हीमध्ये एकाच वायरवरून संदेश पाठवायचा प्रोटोकॉल होता, असेम्ब्लीच्या साधारण २८०० ओळींचा. दहा वर्षांहून जास्त काळ बाजारात. अधूनमधून संदेश हरवतात हे त्यांना माहीत होतं, नेहमीच्या टेस्टिंगने कारण सापडत नव्हतं. १९९७मध्ये उप्पालने ट्रेस काढून दिला, आणि केलेली दुरुस्तीही त्यातच तपासली गेली. तीही गाण्याची पेटीच होती, विमान नव्हतं.

११० मिलिसेकंदांचं फर्मवेअर त्या टॉवरमध्ये बसवल्यापासून सेक्रेटरींचा फोन फक्त बिलाबद्दल येतो. साहेबांनी मध्ये विचारलं, “याचं काही सर्टिफिकेट मिळतं का? टेंडरला जोडू.” मिळत नाही. मिळतो तो एक हिरवा ठिपका, आणि तोही आपणच काढलेल्या चित्राबद्दल. शेवटी टेस्ट रिपोर्टला मी ८० मिलिसेकंदांच्या ट्रेसचं चित्र जोडलं, खाली ‘असं होऊ नये म्हणून ११०’ असं लिहून. कन्सल्टंटने ते पान उलटून पुढच्या पानावर सही केली.